धुवट पाणी

१

मला एक सांगा, विश्वास ठेवायचा कुणावर? नाकावर, डोळ्यांवर, की दुकानदाराने दिलेल्या पेटीवर? लगेच उत्तर देऊ नका. ज्याची ही गोष्ट आहे तो कापडवालासुद्धा घाईत उत्तर देणारा गडी नव्हता. कापड हातात आलं की आधी ते उजेडात न्यायचं, मग चिमटीत चोळायचं, मग नाकाशी धरायचं, आणि विकणारा काही बोलत असेल तर सगळ्यात शेवटी तेही ऐकून घ्यायचं, असा त्याचा क्रम. शाळेची पायरी त्याने फार झिजवली नव्हती. मिसरूड फुटायच्या आधीच तो कापड धुऊन पांढरं करणाऱ्या कारखान्यात हौदावर उभा राहिला. रंग कसा चढतो, कसा उतरतो, हे तिथे बघून बघून शिकला आणि तेवढ्या शिदोरीवर पुढे स्वतःचं दुकान टाकलं. चांगलं चाललं. "डोळा खोटं बोलत नाही," असं तो येईल त्याला ऐकवायचा. त्यावर बायको म्हणायची, "डोळा नाही बोलत. डोळेवाला बोलतो."

दुकान मुनीमाच्या हाती सोपवून जरा मोकळा झाला, तेव्हा त्याने घरामागे पोहण्याचा तलाव बांधून घेतला. तळाला निळ्या फरशा, उतरायला चकचकीत शिडी, पानं पडू नयेत म्हणून वर ओढून घ्यायची ताडपत्री. बायको म्हणाली, "हौदापाशी जन्म काढला, तरी हौस फिटली नाही."

हौस त्याची नव्हतीच. तलाव होता नातीसाठी. ही मुलीची मुलगी, दर सुट्टीत राहायला यायची. गोल चेहरा, त्यात चार टिकल्यांएवढे डोळे, नाक आणि तोंड, म्हणून कापडवाला तिला बटण म्हणायचा. आणि ती त्याला आजोबा न म्हणता कापडोबा म्हणायची. हे नाव तिने बोबडं बोलायच्या वयात स्वतःच काढलेलं. दुकानात गिऱ्हाईक उभं असलं आणि मागून "कापडोबा" अशी हाक आली, की हा अर्धवट मोजलेलं कापड तसंच टाकून वळायचा.

गेल्या सुट्टीत बटणाचा कान फुटला होता. डॉक्टर म्हणाले, पोहायच्या पाण्यातून जंतू गेले असतील. मुलीने फोनवर बापाला शांतपणे सांगितलं, "बाबा, पाणी स्वच्छ ठेवायला जमणार असेल तरच तिला पाठवते. नाहीतर ती इथेच राहील." ती ओरडली असती तर परवडलं असतं. ते शांत बोलणं याच्या काळजात रुतून बसलं.

२

म्हणून या सुट्टीत त्याने पाण्याची देखभाल स्वतःच्या अंगावर घेतली. सकाळचा चहा झाला की जाळीने कचरा काढायचा, मग तपासणी. तलावाचं सामान विकणाऱ्या दुकानातून एक छोटी पेटी आणली होती. तिच्यातल्या काचेच्या नळीत तलावाचं पाणी घ्यायचं, एक बारीक गोळी टाकायची आणि हलवायचं. पाणी गुलाबी झालं तर क्लोरीन आहे. जितका रंग गडद, तितकं क्लोरीन जास्त. रंग आलाच नाही तर क्लोरीन नाही, पावडर टाका. कापडवाला खूश झाला. जन्मभर रंग बघण्याचंच तर काम केलं होतं.

पहिल्या दिवशी पाणी फिकट गुलाबी झालं. त्याने कानाचा विचार केला आणि थोडी जास्तच पावडर टाकली. दुसऱ्या दिवशी गडद गुलाबी. तरी त्याने आणखी टाकली; बघायला कोण येतंय. मग एके सकाळी गोळी टाकली, पाणी क्षणभर गुलाबी झाल्यासारखं वाटलं, आणि नळी हलवेपर्यंत पुन्हा नितळ.

"सगळं खाल्लं की काय जंतूंनी," तो म्हणाला आणि डबाच उपडा केला.

पुढे रोज तेच. रंग येईना, म्हणून पावडर. पावडर टाकूनही रंग येईना, म्हणून आणखी पावडर. तलावाला कोऱ्या धुवट कापडाचा वास सुटला. त्याला त्या वासाने लहानपणीचा कारखाना आठवायचा आणि छाती भरून यायची. बाकीच्यांची छाती वेगळ्या कारणाने भरत होती.

"अहो, घशात चरचरतंय," बायको म्हणाली.

"ते स्वच्छतेचं लक्षण आहे."

"माझ्या केसांचा काथ्या झालाय."

"काथ्या टिकतो."

बायकोचा भाऊ जवळच राहायचा. चष्म्याचं दुकान होतं त्याचं. सकाळी दुकान उघडण्याआधी तो फुकटात पोहून जायचा. त्याची जांभळी चड्डी आधी गुलाबी झाली, मग कोणत्याच रंगाची राहिली नाही. "भाऊजी," तो पाण्यातून वर येत म्हणाला, "ही तुमच्याच दुकानातली हं. रंग जाणार नाही म्हणाला होतात."

"नळाच्या पाण्यात जाणार नाही म्हणालो होतो."

"आणि डोळे चुरचुरतात त्याचं काय?"

"तुझं तर दुकान चालेल त्याने."

शिडीच्या पायऱ्यांवर गंजाचे ठिपके आले. फरशांचा निळा रंग उतरून आभाळी झाला, मग तोही उतरला. पाणी मात्र असं नितळ झालं, की ताडपत्री बाजूला ओढली की क्षणभर वाटायचं तलाव रिकामाच आहे. पान पडलं तर ते हवेत अडकल्यासारखं दिसायचं. कापडवाला काठावर उभा राहून अभिमानाने बघायचा आणि मग बटणाला घेऊन पाण्यात उतरायचा. ती त्याच्या तळहातांवर उताणी तरंगायची. एका हातावर तिची पाठ, दुसऱ्यावर डोकं. सकाळचा सगळा वेळ दोघं तसेच.

३

पहिल्यांदा खटकलं ते मेहुण्याच्या भुवईवरून.

मेहुण्याच्या डाव्या भुवईत एक खाच होती. लहानपणी तो शेजाऱ्याच्या भिंतीवरून पडला होता, त्याची ती खूण. का चढला, कोण मागे लागलं, कुत्रा केवढा होता, हे तो कुठल्याही बैठकीत सांगायचा, आणि दर वेळी कुत्रा थोडा मोठा व्हायचा. त्या दिवशी तो काठावर अंग पुसत बसला होता. कापडवाल्याचं लक्ष गेलं. भुवई सलग होती.

"तुझी खाच कुठे गेली रे?"

"कसली खाच?"

"भिंतीवरून पडलास ती."

मेहुण्याने टॉवेल बाजूला केला आणि विनोदाची वाट बघितल्यासारखा चेहरा केला. "कोण पडलं?"

"तू. मागे कुत्रा लागला होता."

"मला कुत्रे आवडतात, भाऊजी," मेहुणा म्हणाला. "माझ्यामागे कशाला लागतील?" आणि शीळ घालत कपडे घालायला गेला.

कापडवाल्याने स्वतःची समजूत घातली. वय झालं की कातडी सैल होते, खुणा बुजतात. राहिली गोष्ट विसरण्याची, तर ती गोष्ट ऐकायला आता कुणी तयार नव्हतं, म्हणून मेहुण्यानेच सोडून दिली असेल. एवढी चांगली बातमी कोण उकरून काढणार.

४

दुसरी बातमी त्याहून चांगली होती.

लग्न झाल्यावर पहिल्याच प्रवासात कापडवाल्याने एक पराक्रम केला होता. रेल्वेने कापडाचे गठ्ठे आणि नवी बायको असं सगळं घेऊन तो निघाला. गाडीतून उतरल्यावर त्याने गठ्ठे मोजून गाडीवानाच्या गाडीत भरले, पुन्हा मोजले, आणि घरी आला. गठ्ठे सगळे आले. बायको स्टेशनवरच राहिली. त्या दिवसापासून आजपर्यंत संसारात कुठलाही वाद निघाला, मग तो मिठाचा असो की मुलीच्या शिक्षणाचा, तो शेवटी त्या फलाटावर जाऊन थांबायचा.

त्या दुपारी कापडवाला बाजारातून आला आणि बायकोने सांगितलेली नेमकी वस्तू विसरला. तो दारातच मान खाली घालून उभा राहिला. बायको म्हणाली, "असू दे, उद्या आणा."

तो तसाच उभा. "एवढंच?"

"आणखी काय?"

"स्टेशन?"

"कुठलं स्टेशन? कुणी येणार आहे का?"

तिने मान वर केली तेव्हा त्याला दिसलं, की तिच्या हनुवटीवरचा तीळ नाही. ज्या तिळाकडे बघत त्याने आयुष्यभराची बोलणी खाल्ली, तिथे नुसती स्वच्छ, कोरी हनुवटी होती.

आता खरं सांगायचं तर, तुमच्या-माझ्यासारखा माणूस तिथेच घाबरला असता. कापडवालाही घाबरला, पण जेवणापर्यंतच. जेवताना बायको हसत होती, वाढत होती, एकही टोमणा नव्हता. रात्री तो गाढ झोपला. सकाळी त्याने बायकोला आपणहून म्हटलं, "ये ना जरा पाण्यात, तब्येतीला बरं असतं," आणि तपासणीत रंग आला नाही म्हणून पावडरही टाकली. माणूस आपल्या फायद्याच्या गोष्टीची चौकशी करत नाही, आणि त्याचा तर धंदाच त्यावर उभा होता.

घरात आता जरा जास्तच शांतता असायची, एवढं मात्र त्याच्या लक्षात आलं. तलावाकडची खिडकी उघडी असली की पंपाची घरघर यायची, आणि त्या घरघरीच्या खाली, ओल्या कपड्याचा पिळा सुटताना होतो तसा, आणखी एक बारीक आवाज. पंपाचा पट्टा सैल झाला असेल, असं त्याने ठरवलं. मग त्याच्या ध्यानात आलं, की त्या पंपाला पट्टाच नाही.

५

सुट्टी संपत आली. मुलीचा फोन आला, उद्या न्यायला येते. बटण टेबलाशी बसून दूध पीत होती. कापडवाला समोर बसला आणि नेहमीसारखा म्हणाला, "काय बटण, कोटाला लावू का तुला?"

याचं उत्तर ठरलेलं होतं. तिने म्हणायचं, "आधी भोकं मोजा, कापडोबा."

तिने पेला खाली ठेवला. ओठ पुसले. "मला लावू नका, आजोबा," ती म्हणाली. "दूध छान होतं. थँक्यू."

वाक्य शहाण्या मुलीचं होतं. पाहुण्यांकडे गेल्यावर कसं वागायचं हे शिकवलेल्या मुलीचं. ती खुर्चीवरून उतरली, खुर्ची नीट आत सारली आणि दाराशी जाऊन थांबली. बाहेर जायला कुठून जायचं, हे तिने त्याला विचारलं.

बाईसाहेब याच घरात रांगायला शिकल्या होत्या.

कापडवाला बसून राहिला. मेहुण्याची खाच गेली, बायकोचा फलाट गेला, तरी त्या दोघांकडे मागे गाठोडी होती. वर्षानुवर्षं मुरलेला रंग. थोडा उतरला तरी कापड ओळखू येतं. या पोरीकडे होतंच किती? चार सुट्ट्या, एक हाक, दुकानातल्या गठ्ठ्यांवरची झोप. फिक्या रंगाचं कापड हौदात आधी कोरं होतं, हे तो कुणालाही झोपेत सांगू शकला असता. आणि सगळ्यात जास्त वेळ पाण्यात तिलाच ठेवलं होतं. त्याच्या दोन्ही हातांवर.

"अगं," त्याने बायकोला हाक मारली, "बटणाला आज पाण्यात सोडू नकोस."

"का हो? पाणी तर एवढं स्वच्छ आहे."

६

तो तपासणीची पेटी घेऊन काठावर बसला. गोळी टाकली. या वेळी त्याने नळी हलवली नाही, डोळ्यांसमोर धरली आणि पापणी लवू दिली नाही. गोळीभोवती गुलाबी रंग उमटला. चांगला घट्ट, पिकल्या डाळिंबासारखा. आणि दुसऱ्याच क्षणी कडेकडेने विरत विरत नाहीसा झाला.

हे त्याने कधीच बघितलं होतं; नळीत नव्हे, हौदात. औषध तेज असलं की रंगाचा थेंब टाकला तरी टिकत नसे, पडता पडताच पांढरा होत असे. नळीत रंग येत होता. पाणी तो खाऊन टाकत होतं. क्लोरीन नाही म्हणून रंग नाही, असं तो रोज समजत होता. क्लोरीन इतकं होतं, की ते आपल्याबद्दल काही सांगूच देत नव्हतं.

खात्री करायला त्याने पेलाभर पिण्याचं पाणी घेतलं, त्यात तलावाचं एक चमचा पाणी मिसळलं आणि ते मिश्रण नळीत भरून गोळी टाकली. चमचाभर पाण्याने अख्खी नळी लालभडक झाली आणि तशीच राहिली.

मेहुणा मागे येऊन उभा होता. "छान रंग आलाय, भाऊजी. म्हणजे आता पाणी चांगलं झालं ना?"

"घरी जा," कापडवाला म्हणाला. "आणि आंघोळ कर. तुझ्या घरच्या पाण्याने."

७

तलाव रिकामा करायचा, हे उघडच होतं. पंपाच्या खोलीत एक मोठी चावी होती. ती फिरवली की सगळं पाणी गटारात. त्याने चावीवर हातही ठेवला. खोलीत दमट ऊब होती, पंप घरघरत होता, आणि तो पिळा सुटल्याचा आवाज इथे चांगला जवळून येत होता. तो पंपातून येत नव्हता, पाइपातून येत होता.

तेवढ्यात त्याच्या मनात हौदावरची एक साधी गोष्ट आली. कापडाचा उतरलेला रंग जातो कुठे? लोक म्हणतात, गेला. जात काही नाही. तो पाण्यात असतो, नुसता दिसत नाही.

त्याने चावीवरून हात काढला.

मेहुण्याचा पोहायचा चष्मा काठावर राहिला होता. तो डोळ्यांना लावून कापडवाला पालथा झोपला आणि त्याने डोकं पाण्यात घातलं. दुपार होती, वर लख्ख ऊन. आधी नुसता पांढरेपणा दिसला. मग खोल बाजूला, तळापासून हातभर वर, काहीतरी तरंगत होतं. कापड हौदात सोडलं की सुरुवातीला जसा त्यातून धाग्यासारखा रंग सुटतो, तसे धागे. तपकिरी, निळे, एखादा हळदीसारखा. ते वाहत नव्हते. एकमेकांत गुंतून एका जागी हलत होते.

त्याने श्वास धरून ठेवला. धागे जरा दूर झाले आणि त्यांच्यामध्ये, एखाद्या पडद्याच्या फटीतून दिसावं तसं, त्याला एक बाकडं दिसलं. बाकड्यावर पत्र्याची ट्रंक, आणि ट्रंकेवर हात ठेवून बसलेली एक अगदी तरुण बाई. हनुवटीवर तीळ. ती येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत होती आणि चेहरा रडका होऊ नये म्हणून धडपडत होती.

हे त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. पाहणं शक्यच नव्हतं. तो गठ्ठे घेऊन निघून गेला होता.

ती बाई कुणाची तरी चाहूल लागल्यासारखी दचकली आणि तिने मान वर केली.

कापडवाला खोकत, नाकातोंडातून पाणी काढत काठावर बसला. बायको धावत आली. "अहो, बुडताय की काय?"

"नाही," तो म्हणाला. तिच्याकडे बघताना त्याला फार लाज वाटली. "जरा तळ बघत होतो."

८

पाणी फेकायचं नाही, हे ठरलं. पण त्याची तेजी उतरवायची होती, आणि उद्याच्या आत. ऊन क्लोरीन उडवतं, एवढं त्याला ठाऊक होतं. ताडपत्रीखाली ठेवून त्यानेच तर इतके दिवस ते जपलं होतं. त्याने ताडपत्री फाडूनच काढली. मग तलावाच्या सामानवाल्याला गाठून क्लोरीन मारणारे खडे आणले. सामानवाल्याने विचारलं, "किती झालंय?" कापडवाला म्हणाला, "घरातलं कुणी ओळखीचं राहिलं नाही, इतकं." सामानवाला हसला. खडे दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळीत फिकट गुलाबी रंग आला आणि तिथेच थांबला. पेटीसोबत आलेल्या तक्त्यावर 'ठीक' म्हणून दाखवलेला, तोच.

मग त्याने सगळ्यांना बोलावलं. मेहुण्याला दुकान बंद करून यायला लावलं. हिशेब सरळ होता: ज्याचा रंग पाण्यात, त्याने पाण्यात उतरायचं आणि आपला रंग उचलायचा. आधी बायको, मग मेहुणा.

"नेमकं काय करायचं, भाऊजी?" मेहुणा मानेपर्यंत पाण्यात उभा राहून म्हणाला.

"काही नाही. कुत्र्याचा विचार कर."

"कुठल्या कुत्र्याचा?"

"मी कसला विचार करू?" बायकोने विचारलं.

"स्टेशनचा."

"अहो, पण कुठल्या?"

दोघं बोटांच्या सुरकुत्या पडेपर्यंत पाण्यात थांबले. काही झालं नाही. कोरी हनुवटी, सलग भुवई. तो पिळ्याचा आवाज मात्र थांबला होता, पाणी कसल्या तरी तयारीत असल्यासारखं.

बटण काठावर हात बांधून उभी होती, फोटोग्राफरसमोर उभं राहावं तशी. तिची आई तासाभरात पोचणार होती. मुलीच्या हातात हे कोरं, शहाणं लेकरू द्यायचं आणि "घे, कान अगदी ठीक आहे" म्हणायचं? कापडवाल्याने पाण्याकडे बघितलं, नळीकडे बघितलं, आणि हात पुढे केला.

"येतेस?"

"हो, आजोबा."

ती त्याच्या हातांवर उताणी झाली. एका हातावर पाठ, दुसऱ्यावर डोकं. पाणी एकदम गार झालं. तळाकडून काहीतरी वर आलं आणि त्याच्या पोटऱ्यांना, मांड्यांना घासून पुढे गेलं. सुती, ओलं आणि पुष्कळ. त्याने खाली बघितलं नाही. त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिने डोळे मिटले, मोठा श्वास घेतला आणि मग डोळे उघडले.

"कापडोबा," ती म्हणाली, "तुमचे हात थरथरतायत. मला पाडाल."

म्हातारा तिथेच, पाण्यात उभा राहून रडला. ओला असल्याने कुणाला दिसलं नाही.

त्याला एक गोष्ट सुचायला हवी होती, आणि ती त्याला नंतर, टॉवेल धुवायला टाकताना सुचली. त्याच्याच धंद्यातली, अगदी पहिल्या धड्याची. हौदात रंग सुटलेला असताना मुरलेल्या रंगाचं कापड टाकलं तर ते काही घेत नाही. पांढरं टाकलं, तर ते सगळं घेतं. आपलं आणि परकं असं काही निवडत नाही.

९

मुलगी आली. जेवायला सगळे टेबलाशी बसले. बटणाची बडबड सुरू होती, कान उत्तम होता, मुलगी बापावर खूश होती. कापडवाला पाणी आणायला उठला आणि रिकामाच परत आला.

"वा," बटण म्हणाली. "गठ्ठे असते तर बरे आठवले असते. बायको काय, राहू दे फलाटावर."

मुलगी खो-खो हसली. "आई, हे तू शिकवलंस ना हिला?"

बायकोही हसली, पण कुठल्या विनोदाला हसतोय हे न कळल्यासारखी. कापडवाल्याने नातीच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. हनुवटीवर पेन्सिल टेकवावी एवढा एक ठिपका होता. डाव्या भुवईत बारीक खाच.

"पडली वाटतं कुठे," मुलगी म्हणाली.

"भिंतीवरून," बटण म्हणाली. "कुत्रा मागे होता. वासराएवढा."

मेहुण्याने घास थांबवला. "मस्त गोष्ट आहे," तो म्हणाला. "मग?"

तिने सांगितली. शेवटपर्यंत. मेहुणा डोळे मोठे करून ऐकत होता आणि मुलगी पोट धरून हसत होती. कापडवाल्याला हायसं वाटलं. चला, कुठे का होईना, घरातच आहे. हवं तेव्हा तिच्याकडून ऐकता येईल. आपलं एक बरं, आपण डोळसपणे वागलो, आपलं काही गेलं नाही.

"आणि दादाने मला खांद्यावर घेऊन नदी ओलांडली होती," बटण भात कालवत म्हणाली. "पाणी त्याच्या छातीपर्यंत होतं. त्याचा एक बूट वाहून गेला. घरी सांगू नकोस म्हणाला. मी नाही सांगितलं. मग मार त्यालाच पडला."

"कुठला दादा गं तुझा?" मुलीने विचारलं. बटणाला भाऊ नव्हता.

मेहुण्याला ती गोष्ट माहीत नव्हती. कापडवाल्याने गंमत म्हणून बायकोकडे बघितलं, आता हे कुणाचं म्हणून. बायको त्याच्याकडे बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "हे तुमचं आहे."

"माझं? मला कुठे भाऊ होता?"

मुलीचं हसू ओठांवर राहून गेलं. मग ती हळूच म्हणाली, "बाबा, दुकानात गल्ल्याच्या वर काकांचा फोटो आहे."

फोटो होता खरा. मागचे कित्येक दिवस त्याला वाटत होतं, फ्रेमवाल्याने नमुन्याचा म्हणून घातलेला फोटो काढायचा राहून गेलाय.

तो खुर्ची ओढून नातीजवळ बसला. "बटण," तो म्हणाला, "दादा दिसायला कसा होता?"

"कान मोठे होते," ती म्हणाली. "आणि चालताना गाणं म्हणायचा. सूर नव्हता त्याला."

"बरं. मग?"

आता ती मोठी होतेय. सुट्टीत येते, बाकी वेळी फोनवर सांगते. आजीला फलाट सांगते. आजी म्हणते, राग येत नाही, पण ऐकायला छान वाटतं, पुन्हा सांग. मेहुण्याचा कुत्रा आता घोड्याएवढा झालाय. घरात हसणं आहे, तलावात फिकट निळं पाणी आहे, नळीत रोज योग्य तेवढाच गुलाबी रंग येतो. कापडवाला दादाच्या गोष्टी ऐकतो, नव्या गिऱ्हाइकासारखा, उजेडात न्यायला काही हाती नसताना. परवा पोरीने सांगितलं, दादा पोहताना गेला. त्याआधी म्हणाली होती, आजारपणात गेला. बायको म्हणते, दादाच्या जाण्याबद्दल तुम्ही घरात कधी बोललाच नाहीत. यातलं खरं कुठलं, हे विचारायला त्याला स्वतःशिवाय कुणी नाही, आणि स्वतःकडे तो फोटो सोडून काही नाही.

तो तिला एवढंच म्हणतो, "पदरचं काही घालू नकोस हं, बाळ."

तुमच्याकडेही कुणाचं असं काही ठेवायला आलेलं असेल. आईने सांगितलेलं, एखाद्या म्हाताऱ्याने विश्वासाने दिलेलं, आता त्याला स्वतःलाही न आठवणारं. ते ज्याचं आहे त्याच्या नावावरच मांडून ठेवा, आणि तो मागेल तेव्हा जेवढं होतं तेवढंच परत करा. कमी नको, जास्त तर नकोच. तपासून बघायला त्याच्याकडे दुसरं काही नसतं. म्हणून हात जोडून सांगतो, तेवढा हिशेब खरा ठेवा.